हात आणि वर चार बोटं

अकरा वर्षांनी प्रार्थनाघर परत मिळालं, पण कसं, तर पार नागवलेलं. शिपायांनी बाकं जाळली होती, अंगणात ट्रक धुतले होते. लोकांना कधी एकदा उपासना सुरू होते असं झालं होतं. याजक मात्र अडून बसले. ते सांगत, धर्मग्रंथातल्या हद्दपारीतल्या जुन्या संदेष्ट्याला दृष्टान्तात मंदिर दिसलं, तेव्हा आधी कोणी गायलं नव्हतं. मोजायचा बोरू, म्हणजे वेताची काठी, घेतलेला एक माणूस भिंतीमागून भिंत मोजत गेला आणि मगच देवाचं तेज आत परतलं.

"पवित्र आणि साधं यांच्यामध्ये रेघ हवी," याजक म्हणाले, "आणि मोजल्याशिवाय रेघ पडत नाही."

मोजायला बोलावलं दारवानाच्या मुलीला. भूमापन शिकलेली तीच एकटी. तिच्या बापाने आतल्या खोलीतला दिवा तीस वर्षं लावला होता. शिपाई आले तेव्हा किल्ली त्याच्याकडे होती आणि नंतरही त्याच्याकडेच राहिली. म्हणून आता याजकांचा निवाडा असा होता, की त्याने अंगण झाडावं, बाहेरचं दार सांभाळावं, पण आतला उंबरा ओलांडायचा नाही.

"बंदुकीपुढे किल्ली कोण देत नाही?" तिने याजकांना विचारलं होतं.

"एकदा देणं वेगळं, पोरी. हा अकरा वर्षं दार उघडत राहिला." मग ते जरा निवळले. "आतली खोली घर बांधतानाच्या जुन्या वहीबरहुकूम भरली, तर त्याने निदान ती तरी राखली असं धरीन. मग दिवा त्यानेच लावायचा."

ते ऐकल्यापासून म्हातारा रोज दाढी करत होता.

वहीत सगळी मापं हातांत होती, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या. पहिल्या पानावर फिकट शाईत लिहिलं होतं: या घराचा हात म्हणजे हात आणि वर चार बोटं. पहिलं पान सहसा कोणी वाचत नाही, पण तिने वाचलं. बाहेरच्या भिंतींवरून हिशेब जुळवला, तर हा लांब हात साडेबावन्न सेंटिमीटरचा निघाला. अंगण, ओवरी, पायऱ्या, सगळं त्याच हाताने चोख बसलं.

उरली आतली खोली. लांबी वीस हात, रुंदी वीस हात.

"धर घट्ट," बाप उंबऱ्याबाहेरून म्हणाला. टेपचं टोक त्याच्या हातात होतं, पाय मात्र रेघेच्या अलीकडे. "तुमच्या कॉलेजात टेप धरायलाही परीक्षा असते का गं?"

"असते. तुम्ही नापास. टोक हलतंय."

रुंदी साडेदहा मीटर भरली, बरोबर वीस हात. लांबी भरली नऊ मीटर. तिने पुन्हा मोजलं. नऊच. लांब हाताने सतरा आणि वर काहीतरी. अशी खोली कोणताही गवंडी बांधत नाही. दीड मीटर गेलं कुठे?

मग तिने साध्या हाताने भागून पाहिलं. पंचेचाळीस सेंटिमीटरचा एक. उत्तर वीस आलं, काटेकोर वीस. घर बांधणाऱ्यांनी चार बोटं सोडली नव्हती. ज्याने पहिलं पान वाचलं नव्हतं, त्याने सोडली होती.

समोरच्या भिंतीचा गिलावा बाकीच्यांपेक्षा पांढरा होता.

"वीस भरले ना?" बापाने विचारलं.

ती उंबऱ्यापाशी आली. त्याचा हात धरून कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तिने टेप लावला. पंचेचाळीस.

"भरले, बाबा. तुमच्या हाताने."

त्याने हात सोडवून घेतला नाही. "शिपायांनी सांगितलं, भिंत घाल. मला वाटलं, वहीत वीस आहेत ना, वीसच ठेवू. उद्या कोणी मोजलं तर..."

"आत काय आहे?"

"सात जण." त्याने टेप बाजूला सारला. "याजकांचा धाकटा मुलगाही."

धाकटा शिपाई आल्यावर तिसऱ्या वर्षी सरहद्दीपलीकडे पळाला, असं सगळे धरून चालले होते. याजक अजून पत्राची वाट बघत.

"सगळे मेलेलेच होते, बाबा?"

छताला दिव्याची रिकामी साखळी लोंबत होती. बाप त्या साखळीकडे बघत राहिला.

बाहेर अंगणात लोक अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत उभे होते. कोणीतरी गाण्याची पट्टी जमवत होतं. "वीस लिही," बाप म्हणाला. "खोटं नाही ना ते? बाळा, वीसच आहेत."

तिने कागदावर हात नाही, मीटर लिहिले: नऊ. खाली सही केली.

याजकांनी तिचा कागद डोळ्यांजवळ धरला. "नऊ? वही चुकली असेल. बाहेर माणसं ताटकळलीत, हो म्हण आणि..."

"वही बरोबर आहे. भिंत चुकली आहे," ती म्हणाली, आणि बापाने सांगितलेलं सगळं सांगितलं. धाकट्याचंही. काही गाळलं नाही.

याजक त्या पांढऱ्या भिंतीपुढे गेले. त्यांनी कोपर भिंतीला टेकवून हात पसरला, पुढे दुसऱ्या हाताची चार बोटं ठेवली आणि हात तसाच राहू दिला. मग अंगणात जाऊन लोकांना घरी जायला सांगितलं. येताना पहार घेऊन आले. दारवानापुढे धरली.

"दारं तूच उघडायचास," ते म्हणाले. "हेही तूच उघड."

म्हाताऱ्याने चपला काढल्या, आणि निवाड्यानंतर पहिल्यांदा आतला उंबरा ओलांडला.