नवरीचं पांढरं लुगडं

पनवेलात इस्राएल तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत शिमशोन आपटेकरांची मुलगी मिल्का कपडे शिवायची. ओसरीवर पायाचं मशीन, भिंतीला लागून कापडांच्या घड्या, आणि दाराशी कुणी ना कुणी माप द्यायला उभं. शिमशोन दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त होऊन घरीच असत. मिल्काची आई ती शाळेत असतानाच गेली होती. तेव्हापासून घर सांभाळता सांभाळता मिल्काचं सव्विसावं सरत आलं, आणि लग्न जमत नाही याची काळजी तिच्यापेक्षा गल्लीलाच जास्त लागली. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, घरं पनवेलात आता उरली होती किती? दर वर्षी दोन-चार कुटुंबं सामान बांधून बोटीने इस्राएलला निघून जात होती. त्यामुळे मुंबईहून हस्केल पेणकरचं स्थळ आलं तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. हस्केल रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. बोलायला कमी, पण समोरच्याचं नीट ऐकून घेणारा. मिल्काला तो आवडला आणि तिने हो म्हटलं. त्रेसष्ट सालच्या जानेवारीतला एक रविवार ठरला.

लग्नाला महिना असताना हस्केलची आई एस्तेरबाई मुंबईहून एस.टी.ने आल्या. काखेत पुठ्ठ्याचा एक मोठा खोका होता. चहासुद्धा न घेता त्यांनी तो पलंगावर उघडला. आत पांढऱ्या सॅटिनचा गाऊन होता. गळ्याशी जाळी, मनगटापर्यंत बाह्या, कंबर मुठीत मावेल एवढी आणि खाली घेरच घेर.

एस्तेरबाईंचा थोरला मुलगा एलियाज पाच वर्षांपूर्वी इस्राएलला, बीरशेबाला गेला होता. हस्केलने आणि नव्या सुनेने लग्नानंतर तिकडेच यावं अशी त्याची खटपट चालू होती. त्याने आईला पत्रात बजावून लिहिलं होतं, की तिकडे सध्या आपल्या लोकांबद्दल चौकश्या चालल्या आहेत, हे खरे ज्यू की नाहीत म्हणून लोक विचारतात, तेव्हा लग्नाचे फोटो जपून काढा. नवरी साडीत दिसता कामा नये. गाऊन त्याच्या बायकोचा होता, ती जाताना सासूकडे ठेवून गेली होती.

“तू शिवणारी आहेस. तुझ्या अंगाचा करून घे,” एस्तेरबाई म्हणाल्या, आणि मग चहा घेतला.

मिल्काने नाही म्हटलं नाही. खरं तर कापडाला हात लावल्यावर ती थोडी हरखलीच. असं काम तिने पनवेलात पाहिलं नव्हतं. कंबरेच्या कळ्या अशा काही धरल्या होत्या की शिवण कुठे सुरू होते आणि कुठे संपते तेच कळू नये. पण वर्षानुवर्षं मशीन चालवून तिचे खांदे रुंद झाले होते आणि कंबरही मुठीत मावणारी नव्हती. तिने बाजू उसवल्या. आत दाबलेलं कापड सगळं सोडलं तरी पुरेना, म्हणून काखेखाली पट्ट्या घातल्या आणि पाठीचे हूक सरकवले. आठ दिवस ती गिऱ्हाइकांचं काम बाजूला ठेवून त्याच्याच मागे होती.

गाऊन बसला. कपाटाच्या आरशात तिने पाहिलं तर समोर एक उंच, देखणी बाई उभी होती. सुकापूरहून वालाची पाटी घेऊन आलेली हौसा दारातच थांबली. हौसा आगरी होती, चोळ्या शिवायला मिल्काकडेच टाकायची आणि आठवड्यातून दोनदा भाजी विकून झाली की तिच्या ओसरीवर टेकायची.

“मडमीणच दिसतंस गो,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

मिल्कालाही ते पटलं. ती आरशासमोरून लवकर हललीही नाही.

पुढच्या खेपेला एस्तेरबाई गाऊन पाहायला आल्या आणि खूश झाल्या. त्या भरात त्यांनी बाकीचंही सांगून टाकलं. फोटोपुरतं मंगळसूत्र गळ्यातून काढायचं. हिरव्या बांगड्या बाह्यांच्या आत सारायच्या. शिमशोननी धोतर नेसायचं नाही, सूट भाड्याने मिळतो. शेजारच्या बायका फोटोत नकोत. आणि कागदपत्रांबरोबर घरच्यांचे जुने फोटो पाठवायचे आहेत, त्यात मिल्काच्या आईचा तो भिंतीवरचा फोटो धाडू नये.

“का?” मिल्काने विचारलं.

एस्तेरबाईंनी भिंतीकडे पाहिलं. फोटोतली बाई नऊवारी लुगड्यात, कासोटा घालून, पाय रोवून उभी होती. “अगं, कुणीही मराठ्याचीच बाई म्हणेल,” त्या म्हणाल्या. “आपण थोडेच सांगत बसणार आहोत, की या आपल्यातल्याच म्हणून?”

शिमशोन आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असणार, पण ते बाहेर आले नाहीत. मिल्काने एस्तेरबाईंना एस.टी.पर्यंत पोचवलं, पिशवी हातात दिली, नमस्कार केला. घरी आली आणि मशीनवर बसून राहिली. तिच्या आईने जन्मात शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, चूल पेटवली नव्हती. आजारपणात शुद्ध हरपत असतानाही तिच्या तोंडी प्रार्थना होती. आणि आता ती लपवून ठेवायची. कशासाठी, तर तिने लुगडं नेसलं होतं म्हणून.

संध्याकाळी तिने वडिलांना सांगितलं, की मी गाऊन घालणार नाही.

शिमशोन भांडखोर नव्हते. त्यांनी मधला मार्ग काढला. पांढरी पाचवारी नेस, हल्ली आपल्या सगळ्या मुली नेसतात, एस्तेरबाईंना समजावता येईल.

“पाचवारी नाही, बाबा. नऊवारी. आई नेसायची तशी.”

“अगं, पन्नाशीच्या आतलं कुणी नेसत नाही आता. लोक हसतील.”

“हसू देत. मी कोणाची मुलगी आहे ते लपवून मला कुणाच्या घरात जायचं नाही.”

शिमशोन उठले. त्यांनी भिंतीवरचा फोटो धोतराच्या सोग्याने पुसला. पुन्हा त्या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत.

मिल्काने गाऊनला इस्त्री केली, खोक्यात नीट घडी घातली आणि मुंबईला जाणाऱ्या एका नातलगाच्या हाती परत पाठवला. सोबत चिठ्ठी दिली, की गाऊन फार सुंदर आहे, बाजूंना पट्ट्या घातल्या आहेत, जाड-बारीक कुठल्याही मुलीला आता होईल, मी मात्र लग्नाला लुगडं नेसणार आहे.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात कापडाच्या दुकानात गेली आणि पांढरं रेशमी नऊवारी मागितलं. दुकानदार तिला ओळखत होता. तो गंभीर झाला, आवाज उतरवून म्हणाला, “कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही. माझं लग्न आहे.”

त्याचा हात फळीवरच थांबला. पांढरं लुगडं कोण नेसतं हे त्याला माहीत होतं, आणि ते नवरीसाठी मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. तुमच्यात चालतं का, असं त्याने चाचरत विचारलं. आमच्यात नवरी पांढरंच नेसते, मिल्का म्हणाली, फक्त हल्ली असं नऊवारी नेसत नाहीत, मी नेसणार आहे. शेजारी चोळखण बघत बसलेल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मिल्काने त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की काठ नसलेलं द्या, काठ मी घरी लावीन.

जरीचा बोटभर काठ तिने दोन दिवसांत लावला. खरी पंचाईत पुढेच होती. लहानपणी झगे आणि मग पाचवारी साड्या यांपलीकडे ती काही नेसली नव्हती. गावाचे कपडे बेतणाऱ्या मिल्काला स्वतःला लुगडं नेसता येईना. ओचा सुटायचा, नाहीतर कासोटा ढिला पडायचा. शेवटी तिने हौसालाच आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

हौसाने तिचे हात बाजूला केले. “कापडाला भितंस कशाला? आवळून धर. आमी यात चिखलात उतरताव, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठताव. सुटत नाय.” तिने ते आपल्यासारखं गुडघ्यापर्यंत खेचून बसवलं. मिल्काला ते घोट्यापर्यंत हवं होतं. त्यावरून दोघींची थोडी बाचाबाची झाली, मग हौसाने एकेक बोट करत ते खाली सोडलं. चार दिवस रोज दुपारी मिल्का परसात विहिरीपर्यंत जाऊन यायची. पहिल्या दिवशी ती पाय अंदाजाने टाकत होती, चौथ्या दिवशी तिने विहिरीवरची भरलेली कळशी उचलून आणली. लुगडं जागचं हललं नाही.

पुढच्या रविवारी हस्केल आला, एकटाच. ओसरीवर बसून त्याने पाणी घेतलं आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. आईने दोन दिवस जेवण सोडलं होतं म्हणे. त्याने एक तोडगा आणला होता. लग्न लुगड्यातच होऊ दे, पण नंतर अर्धा तास गाऊन घाल, फोटो काढू, आणि पुन्हा बदल. कोणाला कळणार आहे?

“मला कळेल,” मिल्का म्हणाली. “लग्न एका दिवसाचं असतं. फोटोच राहतो. माझ्या पोरांनी तो बघून विचारलं, की ही कोण, तर काय सांगू?”

“मग तुला तिकडे यायचंच नाही का?”

“यायचं आहे. पण मी अशी आहे, आणि अशीच आले तर घेतील का, हे तुमच्या भावाला विचारा. नसतील घेणार तर माझं मशीन इथे आहे. आणि तुम्हालाही अशी चालणार नसेन, तर आत्ताच सांगा. मी रडणार नाही.”

हस्केलने टोपी डोक्यावर घातली. चारच्या एस.टी.ने तो परत गेला. पुढे दहा दिवस मुंबईहून ना पत्र आलं ना माणूस. शिमशोन रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसत. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हजानांनी दोनदा विचारून घेतलं, की लग्न नक्की आहे ना. मिल्का नक्की म्हणायची आणि मशीनचं चाक फिरवायची. रडणार नाही म्हणाली होती, पण एका संध्याकाळी कुणाच्या तरी चोळीला काज करताना डोळे भरून आले आणि काज वाकडं झालं. तिने ते उसवलं आणि पुन्हा केलं.

शेवटी मेंदीच्या आदल्या दिवशी तार आली. तारेत एवढंच होतं, की आम्ही येतो.

लग्नाच्या दिवशी सिनेगॉगच्या आवारात मुंबईची मंडळी आधीच पोचली होती. मिल्का घरून चालत आली. पांढरं लुगडं, जरीचा काठ, डोक्यावरून पातळ ओढणी, हातात मेंदी आणि हिरवा चुडा. पायऱ्यांशी एस्तेरबाई उभ्या होत्या. त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“अजून वेळ आहे,” त्या म्हणाल्या. “गाऊन आणलाय मी. बाजूच्या खोलीत बदलून ये.”

मिल्काने डोक्यावरची ओढणी नीट केली. “नाही, आई,” ती म्हणाली. “मी तयार होऊन आले आहे.” आणि त्यांना वाकून नमस्कार करून ती पायऱ्या चढू लागली.

आत नवरा मुलगा तेवेजवळ, म्हणजे प्रार्थनेच्या चौथऱ्याजवळ, उभा राहून नवरीसाठी गातो, अशी पद्धत. हस्केलचा आवाज काही चांगला नव्हता. मिल्का दारात आली तशी त्याने तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि एवढ्या मोठ्याने गायला लागला की हजानांनी दचकून पुस्तकातून मान वर केली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याने तिच्यावरची नजर काढली नाही. दहा दिवस त्याने घरी काय सोसलं असेल ते मिल्काला त्या आवाजात कळलं.

अंगठी झाली, द्राक्षरसाचा प्याला झाला, मंगळसूत्र बांधून झालं. बाहेर फोटोवाल्याने खुर्च्या मांडल्या. नवरीने बसावं, मांडीवर ओढणी पसरावी, म्हणजे कासोटा दिसणार नाही, असं त्याने सुचवलं. त्याला आधी कुणी पढवलं होतं की त्याचंच डोकं, देव जाणे. मिल्काने खुर्ची मागे सरकवली.

“उभ्याने काढा,” ती म्हणाली. “पायापासून घ्या.”

हस्केलने आपलीही खुर्ची सरकवली. धोतर, कोट आणि टोपीत शिमशोन मुलीच्या डाव्या अंगाला येऊन उभे राहिले. फाटकाशी हौसा घुटमळत होती, मिल्काने तिला हाक मारून ओळीत घेतलं. एस्तेरबाई मात्र पायरीवरच राहिल्या. फोटोवाला त्यांच्यासाठी थांबला, पण त्यांनी हाताने नको म्हणून खूण केली. मिल्काने त्यांना आग्रह केला नाही. फोटोवाल्याने कॅमेऱ्याच्या काचा मोजूनच आणल्या होत्या, एकच फोटो निघाला आणि त्यात सासू नव्हती.

हस्केलने तो फोटो आणि मिल्काच्या आईच्या भिंतीवरच्या फोटोची नक्कल एकाच पाकिटात घालून बीरशेबाला पाठवली. एलियाजच्या पुढच्या चार पत्रांत त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. एस्तेरबाई सुनेशी वर्षभर कामापुरतंच बोलल्या. माझगावला पेणकरांच्या दोन खोल्यांत मिल्काने आपलं मशीन खिडकीशी मांडलं आणि दर शनिवारी ती लुगडं नेसून सिनेगॉगमध्ये जायला लागली. पहिले काही शनिवार बायका वळून बघायच्या. मग एकीने विचारलं, की हे चालताना सुटत नाही का?

“आवळून धरलं तर नाही सुटत,” मिल्का म्हणाली. “या उद्या घरी, दाखवते.”