डबीकरांत घुसलेला वस्ताद

वस्तादला गाडीची नाडी कळायची, हे शत्रूलाही मान्य होतं. गिऱ्हाईक आलं की तो आधी बॉनेटला हात लावायचा नाही. गाडी चालू ठेवायला सांगायचा, डोळे मिटायचा, एक हात वर करायचा, की गॅरेजमधली हातोडी थांबायची, समोरचा चहावाला स्टो बारीक करायचा. मग निकाल. "तिसरा सिलिंडर चुकतोय." आणि तिसराच चुकत असायचा! आसपासच्या चार गल्ल्यांत कुणी जुनी-नवी गाडी घ्यायची म्हटली, तर आधी वस्तादच्या कानाखालून जायची. कानाखालून म्हणजे तसं नव्हे, ऐकायला.

त्यामुळे सात वर्षांपूर्वी दाताचा डॉक्टर ती नवी स्वस्तातली गाडी घेऊन आला, तेव्हा बघायला ही गर्दी. कंपनीने गाडीला काहीतरी झोकदार नाव दिलं होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसेना. लोकांनी बघताक्षणी तिला डबी म्हटलं आणि तेच नाव पडलं. वस्तादने डोळे मिटले, हात वर केला, जरा वेळाने डोळे उघडले आणि म्हणाला, "डॉक्टर, ही गाडी नाही हो. शिलाई मशीन आहे. दोन वर्षांत भंगारात."

लोक खो खो हसले. फक्त गॅरेजला लागून असलेल्या घरात शाळांचे गणवेश शिवत बसलेली वस्तादची बायको हसली नाही. "माझं मशीन एकोणीस वर्षं चाललंय म्हटलं," एवढंच ती आतून म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दोन वर्षं झाली, चार झाली. डबी काही भंगारात जाईना. उलट वाढायला लागली. गणिताच्या बाईंनी घेतली, पाववाल्याने घेतली, पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी घेतली. कंपनीने मग लांब डबी काढली, उंच डबी काढली. आधी जे लोक "काय, पत्र्यात बसून आलात?" म्हणून चिडवायचे, तेच आता शोरूमच्या यादीत नाव घालून तीन-तीन महिने थांबायला लागले. आणि या डब्या वस्तादच्या दारावरून सरळ पुढे जायच्या. थांबायच्या नाहीत. कशाला थांबतील? बिघडतच नव्हत्या मेल्या!

वस्तादची स्वतःची गाडी मात्र खानदानी. महाराणी. लांबरुंद, जाड पत्र्याची, दार लावलं की बँकेच्या तिजोरीसारखा आवाज. तिचा एकेक भाग त्याने स्वतःच्या हाताने तीनदा तरी बदलला होता. रस्त्यात बंद पडायची, पण वस्ताद असताना भीती कसली? बाही वर करायचा, खाली सरकायचा, आणि दीड-दोन तासांत महाराणी पुन्हा चालायला लागायची. असला अभिमान वाटायचा त्याला त्या वेळी! बायको कडेच्या दगडावर पर्स मांडीत घेऊन बसलेली असायची. तिच्याकडे बघून तो हसायचा, तीही हसायची. निदान त्याला तसं वाटायचं.

तर डबीचा हा बोलबाला काही वस्तादला बघवेना. त्याने ठरवलं, शत्रूच्या गोटात शिरायचं. फोनवर डबीवाल्यांचा एक ग्रुप होता, 'आम्ही डबीकर' नावाचा. दाताचा डॉक्टर तो चालवायचा. वस्तादने नवा नंबर घेतला, 'अनुभवी' असं नाव लावलं, आपल्याकडे निळी डबी आहे अशी सपशेल थाप मारली आणि आत शिरला. बेत साधा होता. महिनाभर गुपचूप बसायचं, डबीच्या खोडी वहीत टिपायच्या आणि एक दिवस चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवायच्या.

खोडी होत्याच की. हॉर्न इतका किरटा, की माणसं बाजूला व्हायची सोडून सायकल कुठे आहे ते शोधायची. पुढचा कप्पा प्रत्येक खड्ड्याला आपोआप उघडायचा. गणिताच्या बाईंनी त्याला केसांचं रबर लावलं होतं आणि आता ग्रुपवरचे सगळे रबर लावत होते. चढावर थंड हवा बंद करावी लागायची, नाहीतर गाडीला धाप लागायची. पण ही माणसं तक्रार करायचीच नाहीत! लाडक्या पोराच्या खोड्या सांगाव्यात तसं कौतुकाने लिहायची. पाववाल्याने एकदा लिहिलं, पुढची सीट पाडली की पावाचे बावीस ट्रे बसतात. पोहायच्या बाईंनी लिहिलं, ओल्या टॉवेलांचा वास जात नाही, पण तो गाडीचा दोष नाही, पोरांचा आहे. वस्तादची वही काही भरेना.

आणि मग त्याचा घात झाला. एकाने विचारलं, गाडी थंडीत पटकन चालू होत नाही, काय करू? दुसऱ्याने काहीतरी अचाट सल्ला दिला. चुकीचा सल्ला आणि तोही गाडीला! राहवेना. त्याने लिहिलं, "भलतंच काय सांगता राव!" आणि खाली दहा ओळींत नीट समजावून सांगितलं. गाडी चालू झाली. तेव्हापासून 'अनुभवी' हा ग्रुपचा लाडका. दिवसाला पाच-सहा प्रश्न ठरलेले, आणि कुणी चुकीचं सांगितलं की 'भलतंच काय सांगता राव' हेही ठरलेलं. वस्ताद गाडीखाली झोपून शत्रूच्या गाड्यांवर उपचार करायला लागला. स्वतःचंच हसू यायचं त्याला, पण सोडवेना.

त्या ग्रुपवर चार महिन्यांपूर्वी एक नवी बाई आली होती, 'नवशिकी' नावाची, नंबर अनोळखी. फोटोच्या जागी नुसती एक पिवळी डबी. ती फार काळजीने विचारायची. "चढावर थांबले की गाडी मागे येते. मागचा माणूस हॉर्न वाजवतो. हातपाय गळतात." वस्तादने तिला लिहिलं, "हॉर्न त्याचा आहे, गाडी तुमची आहे. हँडब्रेक लावा, क्लच अर्ध्यावर आणा, गाडीने नाक उचललं की मगच ब्रेक सोडा. घाई नाही." तिने लिहिलं, "जमलं!!!" वस्ताद त्या दिवशी शीळ वाजवत घरी गेला. आता बघा, याच माणसाने पूर्वी एकदा बायकोला महाराणी शिकवायला घेतली होती आणि दहाव्या मिनिटाला असा काही ओरडला होता, की ती रस्त्यातच उतरून चालत घरी आली होती. पुन्हा तिने विषय काढला नाही. त्यानेही नाही.

असं सगळं मजेत चाललं असताना मुलीचा फोन आला. तिकडे दुसऱ्या शहरात शिकायला होती ती. शनिवारी पदवी मिळणार, सकाळी नऊला या म्हणाली. एकशे ऐंशी किलोमीटर. वस्ताद खूश. "महाराणीने जाऊ!" बायको म्हणाली, "बघू." वस्ताद दोन दिवस महाराणीखालीच होता.

गुरुवारी दुपारी तो तिथेच उताणा पडलेला असताना फोन वाजला. ग्रुपवर नवशिकीने लिहिलं होतं: "शनिवारी पहिल्यांदाच एवढ्या लांब एकटी चालवणार आहे. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. त्याला डबी घेतल्याचंच माहीत नाही. कसं सांगू?"

पोहायच्या बाईंनी लगेच लिहिलं, "सांगूच नका. निघा." पाववाल्याने विचारलं, "अहो, पण घरात गाडी नाही का?"

त्यावर तिने मोठं उत्तर लिहिलं. वस्तादने ग्रीसचा हात पुसला आणि वाचायला घेतलं.

"आहे ना, मोठी आहे. नवऱ्याचा तिच्यावर फार जीव. माणूस वाईट नाही हो, हातात कला आहे. पण सव्वीस वर्षांत मी कुठल्याही गोष्टीची सुरुवात पाहिलेली नाही. बहिणीच्या लग्नाला पोचलो, तेव्हा हॉलवाला दिवे मालवत होता. मुलीला चौथीत बक्षीस मिळालं, तेव्हा पोचेपर्यंत ती बक्षीस घेऊन फाटकाशी शिपाईकाकांजवळ बसली होती. रडलीसुद्धा नाही, तिला सवय होती. माझ्या वडिलांच्या वेळेचं लिहीत नाही. गाडी दुरुस्त झाली की नवरा माझ्याकडे बघून हसतो. तो एवढा खूश असतो, की मला काही बोलवत नाही. म्हणून शिवणकामातून साठवून डबी घेतली. मला मिरवायचं नाही. मला पोचायचंय."

वस्ताद गाडीखाली तसाच पडून राहिला. शिपाईकाका त्याला आठवत होते. मुलीची रिबन सुटलेली होती, तेही आठवत होतं. आणि त्या दिवशी आपण तिला उचलून घेऊन 'कार्बोरेटर कसा साफ केला' ते सांगितलं होतं, तेही आठवलं. शरमेने त्याचे कान तापले. सासरे गेले त्या दिवशी आपण रस्त्यात किती वेळ घालवला, ते त्याने मनात मोजायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. अख्ख्या पेठेच्या गाड्यांची नाडी ओळखणारा माणूस, आणि शेजारी बसलेल्या बाईचं काही ऐकू आलं नाही! त्याला रडू फुटलं. गाडीखाली असल्याने कुणाला दिसलं नाही, एवढं बरं.

ग्रुपवर त्याने चारदा काहीतरी लिहिलं, चारदा पुसलं.

घरी गेला तर ती मशीनवर. "शनिवारी महाराणी नको," तो म्हणाला.

"का? आता काय झालं तिला?"

"तिला काही नाही झालं. तू ने मला. तुझ्या डबीतून."

मशीन थांबलं. ती वळून त्याच्याकडे बघत राहिली. 'तुम्हाला कुणी सांगितलं' असं काही ती विचारेल म्हणून त्याने उत्तर तयार ठेवलं होतं, पण तिने विचारलंच नाही. "सव्वापाचला निघायचं," ती म्हणाली. "आणि वाटेत ओरडायचं नाही."

डबी पोहायच्या बाईंच्या अंगणात लपवलेली होती. पिवळी धमक. कप्प्याला केसांचं रबर. वस्ताद गुडघे पोटाशी घेऊन शेजारच्या सीटवर बसला आणि ती निघाली. तो सवयीने डोळे मिटून ऐकायला लागला. ऐकण्यासारखं काही नव्हतंच. बारीक, एका लयीत, चाललंय आपलं. वीस किलोमीटर गेले, साठ गेले, नव्वद गेले. वस्तादचे हात मांडीवर रिकामे पडले होते, त्यांचं काय करावं ते त्याला कळेना. घाटात पुढचा ट्रक थांबला, तशी तिनेही गाडी थांबवली. मागच्याने हॉर्न वाजवला. वस्तादने ओठ घट्ट मिटून घेतले. तिने हँडब्रेक लावला, क्लच अर्ध्यावर आणला, गाडीने नाक उचललं आणि सुर्रकन वर गेली.

"छान शिकवलंय कुणीतरी," तो हळूच म्हणाला.

"तुम्हीच की," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "'भलतंच काय सांगता राव' असं लिहिणारा माणूस जगात एकच आहे. मला पहिल्याच आठवड्यात कळलं."

"म्हणजे गुरुवारचं ते... तू..."

"तोंडावर बोलवत नव्हतं हो. सव्वीस वर्षं झाली. म्हटलं, लिहून बघू."

वस्ताद खिडकीबाहेर बघायला लागला. घाट संपल्यावर म्हणाला, "चुकलं माझं." तीही पुढचं गाव गेल्यावर म्हणाली, "हो, चुकलंच."

साडेआठला गाडी कॉलेजच्या आवारात शिरली. अख्ख्या आवारात चिटपाखरू नाही. वस्तादची छाती फुगली. नऊचा कार्यक्रम आणि आपण सगळ्यांच्या आधी! तेवढ्यात समोरच्या वसतिगृहातून मुलगी चप्पल फटफटवत बाहेर आली. केस ओले, हातात ब्रश. तिने आईला पाहिलं, बाबांना पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं?" ती धावत आली. "आई, कोण आजारी आहे? बाबा, बोला ना! कोण गेलं?"

"अगं, कुणी नाही गेलं! नऊला ये म्हणालीस ना? आलो."

मुलगी दोघांच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग ओशाळून खाली बघत म्हणाली, "बाबा, कार्यक्रम साडेअकराला आहे."

"मग नऊ का सांगितलंस?"

"तुम्हाला सगळेच तसं सांगतात. मावशी, काका, सगळे. अडीच तास आधीची वेळ सांगायची, असं ठरलंय. मी शाळेत होते तेव्हापासून."

वस्ताद हळूच बायकोकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"मीच ठरवलं होतं. आज म्हटलं, एकदा आधी पोचून बघू," ती म्हणाली. "एरवी तसं सांगूनही उशीर व्हायचाच."

तो डबीच्या टपावर हात ठेवून नुसता उभा राहिला. एवढ्या माणसांनी एवढी वर्षं आपल्यासाठी खोटं बोलावं, आणि तेही पुरू नये! मुलीने त्याचा दंड धरला. तिला वाटलं, बाबा चिडले.

"हे बघ," वस्ताद तिला म्हणाला, "यापुढे आम्हाला खरी वेळ सांगत जा."

मुलीने आईकडे पाहिलं. आई गाडीची किल्ली पर्समध्ये टाकत होती.

"सांग त्यांना खरी," ती म्हणाली. "आता चालेल."