बहिणींचा टाका

पेंटर शिडीवर चढला तो उतरेचना. जुन्या पाटीची अक्षरं उन्हाने पार उडाली होती. ‘सिस्टर्स टेलरिंग’ एवढं इंग्रजीत त्याने पुन्हा आखून रंगवलं होतं. आता उरलं होतं ते एक शेपटीवालं टिंब, आणि त्याच्यापाशी त्याचं घोडं अडलं होतं.

“ताई,” त्याने वाकून दुकानात विचारलं, “ते वरचं टिंब एसच्या आधी द्यायचं की नंतर? जुन्या पाटीवर कुठं होतं ते काही दिसत नाही.”

थोरलीच्या तोंडात टाचण्या होत्या. समोर एक बाई हात पसरून उभी होती आणि तिच्या अंगावर अर्धवट टाचलेला ड्रेस होता. थोरली “हं” म्हणाली.

“मास्तरीणबाईंना विचारा,” इस्त्रीच्या टेबलावरून धाकटी म्हणाली. “इंग्रजीचं खातं त्यांच्याकडे.”

मास्तरीणबाई म्हणजे मधली. लग्न होऊन दूर गेली, एका शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. मग नवरा गेला, मागोमाग शाळाही बंद पडली, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ती दोन बॅगा घेऊन या दुकानात उतरली. तेव्हापासून ती दाराजवळच्या स्टुलावर बसून हातशिलाई करत होती. आत एक रिकामी खुर्ची होती, पण स्टूल कसं, उठायला सोपं.

“एसच्या आधी,” मधली म्हणाली. “आधी दिलं की एका बहिणीचं. नंतर दिलं की सगळ्या बहिणींचं.”

“एवढ्याशा टिंबाने?”

“आपल्यात तरी काय वेगळं? बहिणीचं आणि बहिणींचं. फरक टिंबाचाच. आपण डोक्यावर देतो, ते शेपटाशी देतात.”

पेंटरने मान वळवून रस्त्यापलीकडे पाहिलं. “मग ते ‘जेंट्स पार्लर’ मी रंगवलंय. तिथं आधी दिलं गेलंय.”

“मग ते एकाच गृहस्थाचं पार्लर झालं.”

“गिऱ्हाईक बघता बरोबरच आहे,” धाकटी म्हणाली.

मधली हसली, पण सुई थांबली नाही. “तुम्ही आधीच द्या. दुकान ताईचं आहे. होय ना गं, ताई?”

“हंऽ,” थोरली म्हणाली.

आता, तोंडात टाचण्या असलेल्या माणसाचं ‘हं’ म्हणजे होय, नाही, थांब, किंवा हात जरा वर करा, यांपैकी काहीही असू शकतं. गिऱ्हाइकाने हात वर केला. मधलीने मान खाली घातली. पेंटरने ब्रश बुडवला.

मधलीला आलेल्या दिवसापासून एक रोग जडला होता. ती मनातल्या मनात हिशेब ठेवायची, आणि तोही एकाच बाजूचा. बहिणीकडून काय घेतलं तेवढं सगळं लिहिलेलं, दुसरी बाजू कोरी. पंखा लावायचा तरी “लावू का गं?” विचारायची. चहाचा कप प्यायल्या प्यायल्या धुऊन पालथा घालायची, जणू कुणी तो मोजून घेणार होतं. असल्या पाहुण्याचा घरच्यांना जाच होतो हे तिच्या ध्यानात येत नव्हतं, आणि थोरलीला ते सांगता येत नव्हतं. थोरलीला माणसाच्या खांद्याचं माप नजरेने कळायचं. बोलायचं म्हटलं की मात्र तिचा दोरा सुईत जायचा नाही.

त्यातच मधलीला एका वसतिगृहातून विचारणा आली. मुलींवर देखरेख करायची, राहायला खोली मिळणार होती. आज संध्याकाळपर्यंत फोन करून हो किंवा नाही कळवायचं होतं. सकाळी तिने दोघींना सांगून टाकलं, की मी हो म्हणते आहे, ताईवर किती दिवस भार टाकायचा. थोरली म्हणाली, “बघ तुझं तू.” आणि खडूने कापडावर रेघ ओढली. रेघ वाकडी आली, ती पुसून दुसरी ओढली. एवढंच.

टिंबाचं ऐकल्यावर धाकटीने आता विचारून घेतलं, “वसतिगृहाच्या पाटीवर टिंब कुठं आहे?”

“एसच्या नंतर. मुलींचं वसतिगृह. बरोबर लिहिलंय.”

“म्हणजे तेही मुलींचंच. तुझं नाहीच.”

ड्रेस टाचून घेणारी बाई गेली आणि वकील आले. वकील या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, अंगाने वाढतच चाललेले. त्यांनी काळा कोट टेबलावर ठेवला.

“कोट आहे तसाच आहे, मी वाढलोय. त्यात कोटाचा काही दोष नाही,” ते म्हणाले. “खरं सांगतो, रागावू नका. तुमच्याकडे यायचं म्हणजे लांब पडतं, म्हणून घराजवळ दोघांना दाखवला. एकाने नुसतं हात लावून परत दिला. दुसऱ्याने अस्तर थोडं उसवलं, आत पाहिलं, आणि होतं तसं शिवून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, हे उलट्या दिशेचं काम आहे, ज्याने केलं त्याच्याकडेच जा. म्हणून आलो. आता मला सांगा, केलंय कुणी?”

थोरलीने अस्तर उसवलं. आत कॉलरखाली हाताचे बारीक टाके होते, सगळे एकाच बाजूला झुकलेले, आणि बाकीच्या जगाचे टाके ज्या बाजूला झुकतात त्याच्या बरोबर उलट. तिन्ही डोकी कोटावर वाकली.

त्यांचे वडील डावखुरे होते. मुली तिघी उजव्या. बापाशेजारी बसून शिकल्या तेव्हा सुई त्यांनी उजव्या हातात धरली, पण निघाल्या मात्र बापाच्या दिशेने, डावीकडून उजवीकडे. पुढे कुणीतरी दाखवलं, की पोरींनो, हे उलटं आहे, याने मनगट दुखेल. मनगट दुखलं. दिशा बदलली नाही.

“हिचं काम आहे,” थोरली मधलीकडे बोट करत म्हणाली.

“माझं कसलं? कॉलर तेव्हा तूच करायचीस.”

“मी नाही. इतका बारीक टाका माझा नाही.”

“माझा तर नाहीच,” धाकटी म्हणाली. “मी तेव्हा नुसती सुईत दोरा ओवत होते.”

“म्हणजे तुमचाही हक्क लागतो,” वकील म्हणाले. “मी दावा लावून देईन.”

थोरलीने टाके अंगठ्याने चाचपले. बराच वेळ चाचपले. मग उठून तिने कपाटाच्या खालच्या फळीवरचा तयार कपड्यांचा ढीग उचलला आणि मधलीच्या मांडीवर ओतला.

“यात तुझा टाका कुठला ते दाखव.”

“अगं, आता हे कशाला?”

“दाखव तर.”

मधलीने एक स्कर्ट उलटून पाहिला, मग एका पँटचा पाय, मग एक बाही. चष्मा वर केला, खाली केला. “हा माझा,” ती शेवटी म्हणाली.

“तो माझा,” धाकटी म्हणाली. “इस्त्री गरम होईपर्यंत घातलाय.”

थोरली आपल्या खुर्चीत बसली. “आलीस तेव्हापासून हे सगळं बाहेर जातंय. एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही की हे कुणी केलं. कारण तुझा टाका वेगळा नाहीच. आणि तू म्हणे भार.”

“ताई, तू मला ठेवून घेतलंस, हे मी कसं...”

“थांब. तू नेहमी तुझीच बाजू वाचतेस, आज माझी ऐक. दुपारी जेवल्यावर मी हल्ली जरा पाठ टेकते. बाबा गेल्यापासून टेकली नव्हती. कुणाच्या जिवावर टेकते? हिच्या? ही कापड जाळते.”

“एकदाच जाळलं,” धाकटी म्हणाली.

“गिऱ्हाईक आलं की तू उठतेस, मला उठवत नाहीस. मला सुईचं भोक दिसत नाही, हे मी कुणाला बोलले नाही. तरी सकाळी येऊन बघते तर टाचण्यांच्या उशीवर दोरा ओवलेल्या सुया ओळीने टोचलेल्या. काळ्या दोऱ्याची, पांढऱ्याची, निळ्याची. ते तुझ्या हिशेबात कुठं लिहिलंस तू?”

मधलीने स्कर्टची घडी घातली, मोडली, परत घातली.

“मग सकाळी ‘बघ तुझं तू’ का म्हणालीस?”

“तोंडात टाचण्या होत्या.”

“सकाळी नव्हत्या.”

थोरलीने कोट पुढे ओढला. मग कोटाकडे बघत, जणू त्यालाच सांगते आहे अशी, म्हणाली, “मला राहा म्हणता येत नाही. तुला घर आहे, नोकरी आहे, शिक्षण आहे, असं वाटत आलं नेहमी. या दुकानात तुला मी कुठल्या तोंडाने अडकवू? पण तू आलीस, त्याने मला बरं झालं. फार बरं झालं. एवढंच आहे माझ्याकडे सांगायला.”

वकिलांनी घसा साफ केला. “मी जरा बाहेर उभा राहू का?”

“तुमच्या पोटाचं माप घ्यायचंय,” धाकटी म्हणाली. “बाहेर घेतलं तर रस्ता अडेल.”

तेवढ्यात पेंटर दारात आला. हात पुसत म्हणाला, “झालं, ताई. बघून घ्या.”

थोरली बाहेर गेली. मान वर करून तिने पाटी पाहिली. टिंब एसच्या आधी होतं, ठळक, अजून ओलं.

“हे इथं कुणी सांगितलं?”

“तुम्हीच ‘हं’ म्हणालात.”

“माझ्या तोंडात टाचण्या होत्या,” थोरली म्हणाली, आणि या वेळी ते खरं होतं. तिने खांद्यावरचं कापड काढून त्याच्याकडे फेकलं. “पुसा. नंतर द्या.”

पेंटर कुरकुरत शिडी चढला. दारात उभी राहून मधलीने ते पुसणं पाहिलं, आणि एसच्या पुढे नवं टिंब उमटताना पाहिलं. “जरा लांब गेलं,” ती म्हणाली, पण आवाज नेहमीसारखा मास्तरणीचा निघाला नाही. मग तिने तिथंच उभ्याने फोन लावला. वसतिगृहातल्या बाईंचे आभार मानले, मनापासून मानले, आणि म्हणाली, “नाही जमणार. आमचं दुकान आहे.”

आत आली तेव्हा थोरलीने वकिलांना हात पसरून उभं केलं होतं आणि तोंडात पुन्हा टाचण्या धरल्या होत्या. उकडत होतं. मधली स्टुलाकडे गेली, थांबली, आतल्या त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. बसल्या जागेवरून हात लांबवून, कुणाला काही न विचारता, तिने पंखा लावला.

टेबलावर मांडलेले कागदी कटिंगचे सगळे तुकडे उडाले. एक कागदी बाही वकिलांच्या टकलावर बसली.

“अगं ए, काही अक्कल?” धाकटी तुकडे गोळा करत ओरडली. “कागद उडतात ना, बंद कर.”

“एवढं काय झालं?” मधली म्हणाली. “मला उकडतंय.”

थोरली “हं” म्हणाली. पंखा चालू राहिला.