दहा नावांचा पट

जेनिफरचं पत्र येऊन सात महिने झाले होते आणि बर्नार्ड सरांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. वहीतली दोन पानं, वसईहून निघून सरांच्या मुलाच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्समधून आखातातल्या अल खोरच्या घरी पोचलेली. 'माझ्या नव्या वर्गात एकोणसाठ मुलं आहेत. मला अजून मैत्रीण मिळाली नाही. माझं पत्र ऐकून सगळे काय म्हणाले ते लिहा,' असं त्या अकरा वर्षांच्या मुलीनं लिहिलं होतं. सरांनी ते पत्र कुणाला ऐकवलंच नव्हतं. शब्दकोशात घालून ठेवलं होतं.

वसाहतीच्या क्लबमागच्या खोलीत दर शुक्रवारी चार वाजता मराठीचा वर्ग भरे. एक खोली, एक फळा, सहा वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची पोरं एकत्र. मोठ्यांनी धाकट्यांची बाराखडी घ्यायची, ज्या घरची पाळी असेल त्यांनी सगळ्यांसाठी खाऊ आणायचा. जानेवारीत तिळाच्या वड्या आणि उरलेला नाताळचा केक एकाच ताटात मांडून आईबापांसमोर कविता म्हणायच्या. ही सगळी घडी जुलियाबाईंनी बसवलेली. त्या नर्स होत्या. नोकरी संपवून गावी जाताना त्यांनी वर्ग सरांच्या गळ्यात घातला. सरांचा जन्म वसईच्या एका वाचनालयात गेलेला, चारचौघांत उभं राहून बोलणं कधी जमलं नव्हतं. नाही म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून हो म्हणाले.

जुलियाबाईंचा एक नियम होता. वडिलांचं काँट्रॅक्ट संपून मूल गेलं, तरी त्याचं नाव लगेच कमी करायचं नाही. नवी शाळा मिळाली की त्यानं स्वतःच्या हातानं मराठीत पत्र लिहायचं. व्हॉट्सॅप चालणार नाही. ते वर्गात वाचायचं, सगळ्यांनी मिळून उत्तर लिहायचं आणि मगच नावावर रेघ मारायची. तोवर हजेरीत त्याचं नाव आलं की बाकीच्यांनी म्हणायचं, "वाटेवर."

हल्ली खोलीत चारच मुलं उरली होती आणि वाटेवर सहा. क्लबच्या मॅनेजरला, हारिसला, दर जानेवारीत निदान दहा नावांची यादी लागे. एक जरी कमी पडलं तर खोली टेबल टेनिसला जाणार होती. जेनिफरच्या नावावर रेघ मारली की नऊ. सरांनी ठरवलं, सुट्टीनंतर एखादं नवं कुटुंब येईल, मग वाचू. कुणी आलं नाही. पुढे पुढे उशीर झाल्याचीच लाज एवढी वाटू लागली, की शब्दकोश उघडणंही त्यांनी टाळलं.

जानेवारीच्या कार्यक्रमाला एक आठवडा होता. सगळ्यांत मोठी म्हणून हजेरी गौरी घ्यायची. तिनं जेनिफरचं नाव पुकारलं, धाकटी तिघं सवयीनं "वाटेवर" म्हणाली. गौरीनं पुढचं नाव घेतलं. वर्ग सुटल्यावर मात्र ती दाराशी थांबली.

"सर, ती वाटेवर नाहीये. शी रोट टू यू. जूनमध्येच."

व्हिडिओ कॉलवर जेनिफरनंच गौरीला सांगितलं होतं. माझ्या खूप चुका झाल्या असतील, म्हणून सरांनी पत्र वाचलं नाही, असं तिला वाटत होतं. आता ती मराठीत लिहीतच नव्हती.

सरांनी खाली मान घालून दहा नावांचा हिशेब सांगितला. वर्गासाठीच केलं, असं म्हणताना त्यांचं त्यांनाच ते खरं वाटेना. वर्गाशिवाय शुक्रवारी त्यांना तरी कोण विचारणार होतं?

गौरीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमचं काँट्रॅक्ट पण मार्चमध्ये खलास आहे, सर. मी गेल्यावर पत्र लिहू, की नको?"

त्या रात्री सरांनी शब्दकोशातून पत्र बाहेर काढलं.

पुढच्या शुक्रवारी कविता सुरू व्हायच्या आधी ते उभे राहिले आणि पत्र कधी आलं, का दडवलं, ते अडखळत सांगितलं. मग दोन्ही पानं वाचली. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नसावा. एका आईनं, सर, एवढं काय त्यात, म्हणून पाहिलं. मुलांनी मात्र ताटाभोवती बसून उत्तरात एकेक ओळ लिहिली. गौरीनं जेनिफरच्या नावावर रेघ मारली.

शनिवारी सर हारिसकडे गेले. यादीत चार नावं होती. वाटेवरची लिहायला हात धजला नव्हता.

"सिर्फ चार, अंकल?" हारिस ओशाळला. नियम आपला नाही, असं दोनदा म्हणाला आणि किल्ली मागून घेतली.

घरी येऊन सर उत्तराच्या शेवटच्या ओळी लिहायला बसले. तुझ्या पत्रात एकही चूक नव्हती, असं आधी लिहिलं. मग ते खोडलं. दोन चुका होत्या, त्या दाखवल्या. पत्र वाचायचं त्यामुळे राहिलं नव्हतं, माझ्या भित्रेपणामुळे राहिलं, असं खाली लिहिलं. खोली गेल्याचंही लिहिलं, पण त्यात तुझा दोष नाही, हे कसं लिहावं ते त्यांना दुपारभर सुचलं नाही. जमलं तसं लिहिलं.

रविवारी मुलगा कामाच्या बसनं गेल्यावर ते टॅक्सी करून पोस्टात गेले. पाकीट खिडकीत देण्याआधी पत्ता पुन्हा वाचला. पलीकडच्या बाईनं तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.