माझ्यावर तोललेली गाडी

मित्रांनो, गॅरेजमध्ये गेलात की तुमची नजर गाड्यांवर जाते. जमिनीकडे कोण बघतं? तिथेच भिंतीच्या कडेला, छोट्या लोखंडी चाकांवर बसलेला, रंग उडालेला मी एक जुना जॅक आहे. माझा लांब दांडा वर-खाली केला की माझा हात हळूहळू वर येतो आणि भली मोठी गाडी उचलून धरतो.

कारखान्यात माझं अंग घडवलं, लाल रंग दिला आणि पोटात तेल भरलं. माझी सगळी ताकद त्या तेलात. दांडा हलला की तेल दट्ट्याला ढकलतं आणि दट्ट्या हाताला वर रेटतो. तेल मागे पळू नये म्हणून दट्ट्याभोवती एक रबरी वायसर असतो. दिसायला बांगडीसारखा, पण खरा भार त्याच्यावर.

मला विकत आणलं ते एका मिस्त्रींनी. त्यांची लेक तेव्हा एवढीशी होती. ती माझ्या दांड्याला लोंबकळायची आणि गाडी आपणच उचलली म्हणून मिरवायची. पुढे ती खरोखरच गाड्या उचलू लागली. शिकली, हात बसला, आणि बापाच्या बरोबरीने उभी राहिली. आता गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "ताई आहेत का?" मग मिस्त्री खोटं खोटं रुसतात. "आहेत की. आम्ही इथे झाडू मारायला असतो!"

मला ते 'पैलवान' म्हणायचे. मालवाहू गाडीसुद्धा मी उचलली आहे. त्या कौतुकाने माझी छाती फुगायची. पण मित्रांनो, रबर म्हातारं होतं. माझा वायसर कडक झाला, आणि माझ्याखाली तेलाचे थेंब दिसू लागले.

"बाबा, पैलवान पाझरतोय," लेक म्हणाली. "वायसर बदलायला हवा."

"बदलू की. हातातल्या गाड्या तर होऊ देत."

माझ्याखाली एक चिंधी टाकली गेली. ती भिजली की दुसरी. डाग पुसला जायचा, दुखणं तसंच राहायचं. मिस्त्रींचंही एक दुखणं असंच होतं. आयुष्यभर घणाचे आवाज झेलून त्यांचे कान मंदावले होते. ते मात्र कबूल करत नसत. रेडिओ मोठा लावायचे आणि म्हणायचे, "हल्लीची माणसं पुटपुटतात नुसती."

त्या दिवशी एक टॅक्सीवाला आला. पुढचं डावं चाक खडखडत होतं. लेकीने चाक हलवून पाहिलं आणि मान हलवली. "दादा, बॉल जॉइंट गेलाय. असाच चालवलात तर रस्त्यात चाक कोलमडेल."

बॉल जॉइंट म्हणजे चाकाचा खालचा सांधा. तो झिजला होता आणि वर गंजून आपल्या भोकात घट्ट रुतला होता. मी गाडी उचलली. चाक काढून भिंतीला टेकवलं. नट सैल केला, गंजावर तेल सोडलं, सांध्याच्या कडेने हातोडी चालवली. जॉइंट तसूभर हलेना.

"चिकटलाय चांगलाच," मिस्त्री म्हणाले. "तू खालून पहारीने सांध्याखालचा आर्म दाब. मी वरून घाव घालतो."

गाडीखाली जाताना लोखंडी घोड्या लावायच्या, हा त्या गॅरेजचा नियम होता. मी उचलायचं आणि घोड्यांनी धरून ठेवायचं. पण घोड्या शेजारच्या व्हॅनखाली गुंतल्या होत्या.

"ताई, स्टँडवर प्रवासी ताटकळलेत हो," टॅक्सीवाला म्हणाला.

लेकीने व्हॅनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दोन घावांचं तर काम आहे," ती पुटपुटली आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकली.

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर तेव्हा मी ओरडलो असतो.

पहिला घाव बसला. त्याचा हादरा गाडीतून थेट माझ्या हातात उतरला. दुसरा बसला. पोटात काहीतरी तडकल्यासारखं झालं आणि वायसरच्या कडेने तेल वाट काढू लागलं. आता थेंब नव्हते, बारीक धार लागली होती. मी एका केसाएवढा खाली आलो. मग नखाएवढा. कुणाला कळलंही नाही.

तिसऱ्या घावानंतर लेकीला कळलं. तिच्या डोळ्यांसमोरचं लोखंड मघापेक्षा जवळ होतं. ती बाहेर सरकायला गेली, पण गाडीबरोबर पहारही खाली आली होती. पहारीचं लांब टोक लेकीच्या खांद्यावर येऊन बसलं आणि तिला जमिनीशी दाबून धरू लागलं.

"बाबा, थांबा!"

घाव बसला.

"बाबा! गाडी खाली येतेय! बाबा!"

घाव बसला. मिस्त्री चाकाच्या खोबणीत वाकून, श्वास रोखून, सगळं लक्ष त्या जॉइंटवर लावून उभे होते. लेकीची हाक त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. प्रत्येक घावाबरोबर मी आणखी खचत होतो. ज्या पोरीने माझ्या दांड्याला झोके घेतले, तिच्यावर मी गाडी उतरवत होतो, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

टॅक्सीवाला दारात पाठमोरा फोनवर बोलत होता. हाक ऐकून तो वळला, धावला, आणि उगारलेल्या हातोडीसकट मिस्त्रींचं मनगट त्याने दोन्ही हातांनी धरलं.

"अहो, ताई ओरडतायत!"

मिस्त्रींनी खाली पाहिलं. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला. पण हातोडी टाकून ते लगेच हलले. भिंतीला टेकवलेलं चाक त्यांनी ओढलं, आडवं केलं आणि गाडीच्या दाराखालच्या फटीत ढकललं. ते अर्ध्यावर अडकलं. टायर पत्र्याला घासत होता. मिस्त्री जमिनीवर बसले, दोन्ही पाय चाकाला लावले आणि जीव खाऊन रेटलं. चाक आत गेलं. पुढच्याच क्षणी गाडीचा भार माझ्यावरून सुटून त्याच्यावर टेकला.

"दादा, डिकीतला तुमचा जॅक!" मिस्त्री ओरडले. घाईत टॅक्सीवाल्याच्या हातातून किल्ली दोनदा पडली. अखेर तो जॅक लागला. मिस्त्री त्याचा दांडा फिरवत होते आणि दर फेऱ्याला विचारत होते, "आहेस ना गं? आहेस ना?"

लेक उत्तर देत होती. पण त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी तिने मोकळा हात लांब करून त्यांचा घोटा पकडला. मग त्यांना कळलं.

पहार सैल झाली. लेक सरकत बाहेर आली, खांदा धरून बसून राहिली.

"मोडलं का काही?"

"नाही, बाबा. मुका मार आहे," ती त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाली.

मिस्त्री तिच्याजवळ जमिनीवर बसले. मग म्हणाले, "मला ऐकू आलं नाही गं. मला हल्ली ऐकूच येत नाही."

"मला माहीत होतं, बाबा. बोलले नाही मी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

टॅक्सीवाला बाहेर गेला, प्रवाशांना फोन करून त्याने दुसरी गाडी बघायला सांगितलं आणि आत येऊन म्हणाला, "आता सावकाश होऊ द्या. मी बसलोय."

मग त्यांनी आधी व्हॅनचं काम संपवलं आणि घोड्या मोकळ्या केल्या. घोड्यांवर टॅक्सी बसली, तेव्हा दोघांनी ती हलवून हलवून पाहिली. नवा नियमही ठरला. लेकीने खालून पत्र्यावर पान्याने ठोकायचं, मिस्त्रींनी पत्र्यावर तळवा ठेवून ते ओळखायचं, आणि मगच एक घाव. ठोका नाही, तर घाव नाही. जॉइंटने तरी पुष्कळ छळलं. सांधा तापवावा लागला, पुन्हा तेल सोडावं लागलं. अखेर 'खट्' असा आवाज झाला आणि तो निसटला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली आणि आधी खाली वाकून लेकीचा चेहरा पाहिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री लेकीबरोबर कानाच्या डॉक्टरकडे गेले. परत आल्यावर त्यांनी मला उघडलं, जुना वायसर काढला, बोटांत दाबला. तो बिस्किटासारखा तुटला. नवा बसवला, ताजं तेल भरलं. अजून मी गाड्या उचलतो. पण आता मला कुणी पैलवान म्हणत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आमच्यासारखी यंत्रं बोलत नाहीत, थेंबाथेंबाने सांगतात. तो थेंब पुसू नका, तो कुठून आला ते बघा. आणि तुमच्या घरचं कुणी गाडीखाली जाताना दिसलं, तर हाताला धरून थांबवा आणि विचारा, "घोडी लावली का?" रागावले तर रागावू देत. आम्ही जॅक गाडी उचलू शकतो. माणसाचा जीव आमच्या भरवशावर ठेवू नका.