चार मात्रांची शांतता
विद्यापीठाच्या पुरुष गायनवृंदाला शंभर वर्षं होणार होती आणि त्याचा इतिहास लिहायचं काम निवृत्त ग्रंथपालांच्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, त्यांनीच ते हौसेनं ओढून घेतलं. दुसऱ्या कुणी लिहायला घेतलं असतं तर त्यानं एका पानाची खोदून चौकशी केली असती, आणि तेवढं त्यांना नको होतं.

पहिली साठ पानं सरसर झाली. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकानं प्रयोगशाळेत अकरा जणांना उभं करून वृंद सुरू केला, कारण चांगली घुमणारी खोली तेवढीच होती. पुढं कितीतरी वर्षं गायकांच्या कोटांना आम्लाचा वास यायचा. वृंदात बायकांना घ्यावं का, यावर तीन सभा झाल्या आणि तिन्ही चहा पिऊन उठल्या. मग संचालक म्हणून मास्तर आले. त्यांनी एक रीत घालून दिली. तालमीत जो चुकेल त्यानं मुकाट्यानं हात वर करायचा. गाणं थांबवायचं नाही, कुणी वळून बघायचं नाही. मास्तर "पुढे" म्हणाले की हात खाली, आणि चूक संपली. कार्यक्रमात हात वर करता येत नाही, म्हणून तो नंतर कपडे बदलायच्या खोलीत करायचा. ग्रंथपालांनी हे सगळं मोठ्या प्रेमानं लिहिलं.

एकसष्टाव्या पानावर गाडी अडली.

चाळीस वर्षांपूर्वीची अंतिम स्पर्धा. शेवटच्या ओळीआधी चार मात्रांची शांतता होती. सगळं सभागृह श्वास रोखून बसलेलं, आणि तिसऱ्याच मात्रेला खालच्या आवाजांच्या रांगेतून एक सूर आला. एकटाच, चांगला भरदार. अकरा वर्षं वृंदाकडं असलेली फिरती ढाल त्या एका सुरानं गेली.

खोलीत आल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "हात." तेव्हा विद्यार्थी म्हणून त्याच रांगेत गाणाऱ्या ग्रंथपालांचा हात मांडीला चिकटून बसला. करतो, एवढा श्वास घेतो आणि करतो, असं ते मनाशी म्हणत होते, तोवर शेजारच्या खर्ज्यानं हात वर केला. खर्ज्या म्हणजे वसतिगृहातला त्यांच्या खोलीतला सोबती. तो खालचा सूर लावायला लागला की बाकावरच्या पेन्सिली हलतात, अशी त्याची थट्टा चालायची. मास्तर त्या दिवशी "पुढे" म्हणालेच नाहीत. स्वतःची रीत स्वतःच मोडून त्यांनी खर्ज्याला वृंदातून काढलं.

ग्रंथपालांनी त्याला जिन्यात गाठलं. "तू कशाला केलास हात?"

"तुला गाणं सोडता येणार नाही," खर्ज्या म्हणाला. "मला येईल."

त्यानंतर ग्रंथपाल तीस वर्षं त्याच रांगेत उभे राहून गायले. खर्ज्याच्या गावची वाट मात्र त्यांनी कधी धरली नाही. पण शांतता त्यांच्या मागं लागली. वाचनालयात दुपारी सगळं चिडीचूप झालं, की ते नकळत मोजायला लागत, आणि तिसऱ्या मात्रेला तो सूर यायचा. घरात फ्रिजची घरघर थांबली तरी यायचा. ते मान झटकायचे आणि बायको विचारायची, कानात पाणी गेलंय का. आधी तो आवाज त्यांचा स्वतःचा असे. तीन वर्षांपूर्वी खर्ज्या गेला, तेव्हापासून तो खर्ज्याचा झाला होता. त्यांना त्याची भीती वाटायची.

इतिहासासाठी जुने फोटो मागवले तेव्हा खर्ज्याची बायको स्वतः एक फोटो घेऊन आली. दोघं मित्र खांद्याला खांदा लावून उभे असलेला. ती चहाला थांबली, मुलीचं, जावयाचं सांगितलं, आणि निघताना दारात घुटमळली.

"भाऊजी, चूक ह्यांचीच होती, ते स्वतःच सांगायचे मला. लिहू नका असं नाही म्हणत. फक्त जरा सांभाळून लिहा."

म्हणजे खर्ज्यानं घरातही तेच सांगितलं होतं. ग्रंथपाल तिला फाटकापर्यंत पोचवून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकसष्टावं पान लिहून टाकलं. 'एका गायकाच्या अनवधानानं' असं लिहिलं, नाव गाळलं. सांभाळून लिहिणं म्हणतात ते हेच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

इतिहासाचं वाचन रविवारी सकाळी तालमीच्या खोलीत ठेवलं होतं. हल्लीचे पोरसवदा गायक आपापल्या रांगेत बसले होते, नवे संचालक मास्तरांच्या जागी उभे होते. पहिल्या खुर्चीवर वहिनी. ग्रंथपाल वाचत वाचत 'अनवधानानं'पर्यंत आले आणि थांबले. खोली शांत झाली. एक, दोन, आणि तिसऱ्या मात्रेला खर्ज्याचा सूर आला, इतका जवळून, की त्यांनी शेजारी बघितलं.

मग त्यांनी हात वर केला.

"तिसऱ्या मात्रेला तो सूर मी लावला होता," ते म्हणाले. "खर्ज्या बरोबर थांबला होता."

कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही. सगळ्या रांगांनी सवयीनं नजर खाली घातली, रीतच तशी होती. "पुढे," संचालक हळूच म्हणाले. एवढ्यावर हात खाली यायला हवा होता.

बघत होती ती एकटी वहिनी. तिला कुठली असायला वृंदाची रीत.

"आमची लेक लहानपणी रात्र रात्र झोपायची नाही," ती म्हणाली. "मी म्हणायची, अहो, काहीतरी गुणगुणा. तिला नुसतं खांद्यावर घेऊन फिरायचे. गायले कधीच नाहीत."

ग्रंथपालांनी सवयीनं मोजलं. चारही मात्रा होऊन गेल्या, आणखी चार गेल्या. कुणाचाच सूर आला नाही. दंडाला रग लागली होती, तरी हात त्यांनी खाली घेतला नाही.