कुशाबाईची विलायती वांगी

सन तीसच्या हिवाळ्यात हिंदुरावाने देशासाठी बरंच काही करायचं ठरवलं होतं. तुरुंगात जायचं होतं, लाठ्या खायच्या होत्या, जमलंच तर डोक्याला पट्टी बांधून एक फोटोही काढून घ्यायचा होता. यातलं काहीच घडलं नाही. फौजदाराने त्याला दोनदा धरलं आणि दोन्ही वेळा "जा घरी" म्हणून सोडून दिलं. शेवटी देशसेवा म्हणून त्याच्या हातून एकच काम पुरं झालं. बारामतीच्या भर बाजारात त्याने सख्ख्या आत्याची पाटी पायाखाली तुडवली.

आत्या म्हणजे कुशाबाई. हिंदुराव दीड वर्षाचा असताना त्याची आई गेली, तेव्हा तिने त्याला डाळज गावाहून उचलून कडेवर घेऊन बारामतीला आणलं होतं. पुढे तो इंदापुरात सातवी पास झाला आणि तिथंच एका दुकानात लिहायच्या कामाला राहिला. कुशाबाई मागे एकटी. नवरा वारलेला, कालव्याच्या पाण्यावर वीस गुंठे रान. ऊस लावायची तिची ऐपत नव्हती, म्हणून ती भाजीपाला करायची आणि पाटी घेऊन बाजारात बसायची.

त्या साली कालव्याच्या बंगल्यावर साहेबाचा स्वयंपाक करणाऱ्या गोवेकर बबर्जीने तिला मूठभर बी दिलं. साहेबाला जेवणाआधी लाल रंगाचं पाणी प्यायची सवय होती आणि ते पाणी ज्या फळाचं करतात ते पुण्याहून येईपर्यंत नासायचं. साहेब लोक त्याला टोमॅटो म्हणत. बाजाराने त्याला विलायती वांगी म्हटलं आणि हात लावला नाही. माळकरी बायकांना तो लाल गर मटणासारखा दिसायचा, त्या नाकाला पदर लावून पुढं जायच्या. कुशाबाईने मग शेंगदाण्याचा कूट घालून, लसणाची फोडणी देऊन त्याची भाजी करायला घेतली. डब्यातून बाजारात न्यायची आणि भाकरीच्या तुकड्यावर घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला चाखवायची. दोन महिने हेच. असं करता करता पंधरा-वीस घरं तिच्या पाटीशी थांबायला लागली.

तेवढ्यात स्वयंसेवकांचं पथक आलं.

पथकाचा म्होरक्या बारामतीचा सर्जेराव, आणि इंदापूरहून मदतीला आलेला हिंदुराव. विलायती कापडाच्या दोन दुकानांसमोर घोषणा देऊन झाल्या होत्या. दोन्ही दुकानदारांनी आधीच दारं लावून घेतल्यामुळे पथकाचा जोर शिल्लक राहिला होता. भाजीबाजारातून जाताना कुणीतरी म्हणालं, "ती बघा विलायती वांगी."

सर्जेराव थांबला. म्हणाला, "आरं, ती तुझी आत्या न्हवं? ऱ्हाऊ दे."

हिंदुराव तिथंच चुकला. कुणी "ऱ्हाऊ दे" म्हटलं नसतं तर त्यानेच म्हटलं असतं. पण आता प्रश्न तत्त्वाचा झाला. देशापुढं आत्या मोठी नाही, असं तो मोठ्यानं म्हणाला आणि मग ते करून दाखवणं भाग पडलं. शेजारच्या ओट्यावर चढून त्याने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं. विलायती म्हणजे विष, जीभ बाटली की मन बाटलं, वगैरे. मग खाली उतरून त्याने पाटी लवंडली आणि फळं तुडवली. टोमॅटो तुडवताना भलताच आवाज येतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कुशाबाई उठली नाही. रस उडालेला पदर तिने झटकला आणि भाच्याकडे बघून इतकंच विचारलं, "भाकरी खाल्लीस का रं?"

त्याने मान हलवली. खाल्ली होती.

पुढची एकादशी आली तेव्हा हिंदुराव इंदापुरात मोहनराव गुरुजींकडे फराळाला गेला. गुरुजींनी त्याला सातवीपर्यंत भूगोल शिकवला होता. ताट पुढं आल्यावर गुरुजींनी विचारलं, "काय काय आहे ताटात?"

"भगर, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी, ठेचा."

"मग भगर तेवढी खा."

"का?"

"तुझा नेम आहे ना विलायती न खाण्याचा? भगर आपली. बाकीचं सगळं बाहेरून आलेलं."

हिंदुराव हसला. पण गुरुजी हसले नाहीत, आणि चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी विनोद केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी नकाशाचं पुस्तक आणलं, अमेरिकेच्या खालच्या अंगाला बोट ठेवलं आणि तिथून ते बोट समुद्रावरून सावकाश ओढत गोव्याच्या किनाऱ्याला लावलं. रताळं या वाटेनं आलं. भुईमूग आला. मिरची आली. फिरंग्यांनी गलबतातून आणली.

"मिरची?" हिंदुरावाने विचारलं.

"मिरची."

"आपली मिरची?"

"चारशे वर्षांपूर्वी तुझ्या गावात कुणी मिरची पाहिली नव्हती. मिरे घालून जेवत होते. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, हे सगळं त्याआधीपासून इथलं, ते काही उपासाला चालत नाही. गलबतातून उतरलेलं मात्र चालतं. कुणी ठरवलं ते मला ठाऊक नाही. तू भगर खा."

हिंदुरावाने भगर खाल्ली. नुसती भगर घशाखाली उतरायला वेळ लागतो, आणि त्या वेळात माणसाच्या डोक्यात नको ते येतं. त्या दिवशी बाजारात जाण्याआधी त्याने ठेचा आणि दीड भाकरी खाल्ली होती. आत्याची पाटी तुडवायला जी ताकद लागली ती अर्धी फिरंग्याची होती. त्याचे कान तापले. गुरुजींना वाटलं भगर गरम आहे, त्यांनी ताक पुढं केलं.

तीन दिवस तो मिरचीशिवाय जेवला. चौथ्या दिवशी सकाळी सर्व्हिस मोटारीत बसून बारामतीला गेला.

आत्या रानात होती. झाडं फळांनी वाकली होती आणि निम्मी फळं पिकून फुटून जमिनीला टेकली होती. त्यांच्यावर चिलटं घोंघावत होती. कुशाबाई फुटलेली फळं वेचून म्हशीपुढं टाकत होती. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"बाजारात जात न्हाईस?" हिंदुरावाने विचारलं.

"बसून काय करू? पंधरा-ईस घरं थांबत हुती, ती बी लांबनं जात्यात आता. म्हणत्यात, तुज्याच भाच्यानं इख हाय म्हनून सांगितलं, त्याला म्हाईत असंल तवाच बोलला. शिकल्याला हाय."

शेवटचे दोन शब्द तिने अभिमानाने म्हटले का टोमण्याने, ते हिंदुरावाला कळलं नाही. अभिमान असता तर जास्त वाईट होतं.

"आत्या, माझं चुकलं."

"कुणाला सांगतुयास?"

"तुला."

"मला म्हाईत हाय तुझं चुकलं त्ये. ज्यास्नी म्हाईत न्हाय त्यास्नी सांग जा." तिने आणखी एक फळ उचललं. "आनी हा तोडा वाया ग्येला तर झाडं उपटून मी रान मोडनार हाय. म्येथी टाकीन. म्येथीला कोन नावं ठिवत न्हाय."

बाजाराच्या दिवशी सकाळी हिंदुरावाने पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. खादीचा सदरा, गांधीटोपी, टोपीवर चुंबळ आणि चुंबळीवर विलायती वांगी. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाला हा काहीतरी नवा कार्यक्रम आहे असं वाटलं आणि लोक मागोमाग आले. त्यामुळे तो ओट्यावर चढला तेव्हा गर्दी मागच्यापेक्षा जास्त होती. सर्जेरावही आला होता.

हिंदुराव म्हणाला, "मागल्या खेपंला मी हितं जे बोललो त्ये चुकीचं हुतं. ह्यात इख न्हाय. ही पाटी तुडावली त्ये माझं चुकलं. ही वांगी भाईरनं आली म्हणून बाटगी आसतील तर मिरची बी बाटगी. ती बी फिरंग्यानं आनली."

मग मिरचीच्या पोत्यांमागून गेणबा उठला. गेणबा मिरची विकायचा, त्याचा बाप विकायचा, आजा विकायचा.

"मिरची फिरंग्याची?" गेणबा म्हणाला. "त्या कॅनॉलच्या सायबाला एक डाव आमटीत मिरची पडली, तर घागरभर पानी प्याला आन जीभ भाईर काढून बंगल्याला च्यार येढं घातलं. सोताची आसती तर झोंबली आसती व्हय?"

यावर काय बोलायचं ते मोहनराव गुरुजींनी सांगितलं नव्हतं. लोकांना गेणबाचं पटलं.

"आन तमाखू?" कुणीतरी विचारलं.

"ती बी भाईरची," हिंदुराव म्हणाला. तळहातावर तंबाखू मळणारे पाच-सहा अंगठे जागच्या जागी थांबले.

"पेरू?"

"पेरू बी."

"सीताफळ?" एका म्हाताऱ्याने विचारलं. "सीतामाईचं फळ?"

आता खोटं बोललं तर बरं, असं हिंदुरावाला एक क्षण वाटलं. पण खोटं एकदा बोलून झालं होतं. तो म्हणाला, "आबा, त्ये बी." म्हातारा काठी उचलून निघून गेला, आणि त्याच्याबरोबर बाजाराची सहानुभूतीही गेली.

"मंग आमचं हाय तरी काय?" सर्जेराव ओरडला.

"आपन पेरलं, आपन पानी दिलं, आपन खुरपलं. मंग आपलंच की त्ये. कापड तिकडं इनत्यात आन हितं इकत्यात, त्याची गोष्ट न्यारी. ही वांगी माज्या आत्याच्या रानात वाढल्याती. बी कुटलं का आसंना."

बोलणं चांगलं होतं. पाटी तुडवण्याआधी सुचलं असतं तर आणखी चांगलं झालं असतं. टाळी एकही पडली नाही. सर्जेराव गर्दीकडे वळून शांतपणे म्हणाला, "ह्यो फितला. बंगल्यावर जाऊन आला वाटतं." आणि लोकांनी माना डोलावल्या, कारण फितूर माणूस समजायला सोपा असतो.

हिंदुराव खाली उतरला. आत्याकडे बघायचं धाडस झालं नाही, म्हणून पाटीकडे बघत उभा राहिला.

तेव्हा बनाबाई पुढं आली. ही गुऱ्हाळावरची बाई, तिच्या पंगतीला रोज तीस गडी जेवायचे. ती म्हणाली, "इख न्हाय म्हनतुस न्हवं? खा मंग."

त्याने एक उचललं आणि चावलं. रस हनुवटीवरून सदऱ्यावर आला. मग त्याने दुसरं खाल्लं. तिसऱ्याला लोक जवळ सरकले. चौथ्याला कुणीतरी म्हणालं, "डोळं लाल व्हायल्यात बघा." ते निराळ्या कारणाने झाले होते. खादीवर छातीपासून खालपर्यंत तांबडे ओघळ उतरले होते आणि मार खाल्ल्याशिवाय हिंदुराव मार खाल्लेल्या सत्याग्रह्यासारखा दिसत होता. सातव्याला बनाबाईने हात वर केला.

"आंबाट हाय का?"

"आंबट हाय. जराशी ग्वाड बी."

"किती आंबाट? चिच्चंवानी?"

"थोडी कमी."

बनाबाईने विचार केला. "औंदा चिच्च न्हाय कुठं. आमटी पानचाट व्हतीया आन गडी माज्या नावानं वराडत्यात. दे दोन शेर."

बस्स. बनाबाईने घेतलं म्हणून दुसरीने घेतलं, दुसरीच्याही घरी चिंच नव्हती. फिरंग्यांचं गलबत, नकाशाचं पुस्तक, देश, तत्त्व, यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही. त्या साली चिंचेला मोहोरच कमी धरला होता, तेवढ्यावर विलायती वांगी बारामतीच्या आमटीत शिरली. हिंदुराव तागडी धरून बसला. लोक त्याच्याशी बोलत नव्हते. बायका आत्याला भाव विचारायच्या, आत्या सांगायची आणि तो तोलायचा. समोरून पथक घोषणा देत गेलं तेव्हा त्याने मान खाली घातली आणि रिकाम्या तागडीत वजन ठेवलं.

कलत्या दुपारी पाटीत निम्मी फळं उरली. ती डोक्यावर घेऊन तो आत्याच्या मागून चालू लागला. कालव्याच्या पुलावर ती पाय धुवायला खाली उतरली. हिंदुराव पाटी धरून काठावर उभा राहिला. इतका वेळ तो जुळवत असलेलं बोलणं त्याला एकदाचं सापडलं होतं.

"आत्या, त्या दिशी समद्यांच्या फुडं मी तुला..."

"त्ये नगं आता," कुशाबाई पाय चोळत म्हणाली. "आजून च्यार बाजार हायत हा माल निघंस्तवर. दुकानातनं रजा मिळंल का?"

तो म्हणाला, मिळेल. दुकानदाराने दिली नाही, म्हणून त्याने नोकरी सोडली. चारही बाजारांना तो तागडी धरून बसला. "फितूर, दोन शेर दे," असं म्हणणाऱ्यांना त्याने दोन शेर नीट तोलून दिले. सदरा तोच होता. रसाचे डाग काळे पडत गेले. आत्याने तो धुवायला मागितला नाही आणि त्यानेही तिच्याकडे दिला नाही.